१५.६ इंचांवरून १४ इंचांवर: प्रुफं तपासणारीचा सात-आठ महिन्यांचा अनुभव

जुना १५.६ इंची लॅपटॉप थकला तेव्हा घरच्यांचा, दुकानदाराचा आणि मैत्रिणींचा सल्ला एकच होता: तुझं काम डोळ्यांचं, तेव्हा स्क्रीन मोठाच घे. मी १४ इंची घेतला. सात-आठ महिने रोज वापरून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय की ज्याचं काम वाचायचं आणि लिहायचं आहे, त्यानं इंचाचा आकडा सगळ्यात शेवटी बघावा.

माझं काम काय ते आधी सांगते, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. मी मराठी पुस्तकांची प्रुफं तपासते आणि अधूनमधून इंग्रजीतून अनुवाद करते. दिवसाचे सहा-सात तास डोळ्यांसमोर देवनागरी मजकूर असतो. निम्मा आठवडा घरी, उरलेला पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या प्रकाशकांकडे, आणि काम निघेल तेव्हा डेक्कन क्वीननं मुंबई. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही.

खोक्यावर लिहिलेले इंच म्हणजे स्क्रीनचा कर्ण. त्यावरून रुंदी किती आणि उंची किती हे कळत नाही, आणि मजकुराच्या कामात उंचीच महत्त्वाची असते. माझा जुना स्क्रीन १६:९ गुणोत्तराचा होता: साधारण ३४.५ सेंमी रुंद, १९.४ सेंमी उंच. नवा १४ इंची १६:१० चा आहे: रुंदी ३०.१ सेंमी, उंची १८.८ सेंमी. म्हणजे कर्णात दीड इंचाहून जास्त घट झाली, पण उंचीत गेले फक्त सहा मिलिमीटर. कमी झाली ती रुंदी. एका वेळी एकच पान वाचताना ती बाजूची जागा तशीही पांढरी पडून असायची.

पिक्सेलच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या ठिपक्यांच्या, हिशेबात तर फायदाच झाला. जुन्यावर उभे १०८० पिक्सेल होते, नव्यावर १२००. वर्डची वरची पट्टी आणि खालचा टास्कबार यांना लागणारी जागा दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे वाढलेले १२० पिक्सेल सगळेच्या सगळे मजकुराच्या वाट्याला येतात. परिच्छेदाची सुरुवात आणि शेवट एकाच वेळी डोळ्यांसमोर असणं ही प्रुफं तपासणाऱ्याची मोठी सोय. वाक्य कुठे सुरू झालं हे बघायला सारखं वर सरकावं लागलं की चुका निसटतात. दुकानात जाल तेव्हा माहितीच्या कागदावर १९२० × १०८० लिहिलंय की १९२० × १२००, हे इंचांच्या आधी वाचा.

आता देवनागरीबद्दल, कारण लॅपटॉपच्या बहुतेक परीक्षणांत हा मुद्दा नसतो. रोमन लिपीत अक्षराच्या वर-खाली फारसं काही घडत नाही. आपल्याकडे शिरोरेषेवर अनुस्वार, रफार, वेलांटी आणि खाली उकार, ऋकार. घ आणि ध यांच्यातला फरक शिरोरेषेच्या एका तुकड्याचा. भ आणि म तसेच. 'रु' आणि 'रू' मधला फरक तर कमी पिक्सेलच्या स्क्रीनवर अंदाजानं ओळखावा लागतो. 'दुसऱ्या'तला अर्धा र नीट उमटलाय की त्याचा रफार झालाय, हे दिवसातून कितीदा तरी तपासावं लागतं. जुन्या स्क्रीनवर एका इंचात १४१ पिक्सेल होते, नव्यावर १६२ आहेत. आकडा ऐकून फार मोठी झेप वाटणार नाही, पण कोकिळा फाँटमध्ये आलेली फाइल उघडली की लगेच जाणवतं. हा फाँट त्याच पॉइंटला इतरांपेक्षा बारीक दिसतो. पूर्वी तो मोठा केल्याशिवाय मी वाचूच शकत नव्हते. आता ह्रस्व-दीर्घ सरळ दिसतं. १६ इंची स्क्रीनलाही १९२० × १२०० च पिक्सेल असतील तर इंचामागे पुन्हा १४१ च येतात. नुसता आकार वाढवून अक्षर मोठं दिसतं, रेखीव होत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. पिक्सेल दाट झाले की त्याच सेटिंगला अक्षर लहान दिसतं. विंडोजचं स्केलिंग, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं किती मोठं दाखवायचं ते सेटिंग, जुन्यावर १२५ टक्के होतं. तेवढंच नव्यावर ठेवलं तर अक्षर साधारण तेरा टक्क्यांनी लहान होतं, आणि चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना ते कळतं. १५० टक्के करून पाहिलं, तर सगळंच मोठं झालं आणि उंचीचा मिळवलेला फायदा गेला. शेवटी १२५ वरच ठेवलं आणि ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये फक्त मजकुराचा आकार वाढवला. त्यानं मेनू आणि फाइलींची नावं मोठी होतात. वर्डमधलं पान मात्र त्यातल्याच झूमनं वाढवायचं. ज्यांच्याकडे अजून पेजमेकरसारखी पानं मांडायची जुनी सॉफ्टवेअर चालतात, त्यांनी खरेदीआधी ती नव्या स्क्रीनवर उघडून बघावीत. असे प्रोग्रॅम स्केलिंगला जुळवून घेत नाहीत, विंडोज त्यांची खिडकी ताणून मोठी करते आणि अक्षरं पुसट होतात.

चष्म्याचंही सांगायला हवं. वाचायचा चष्मा बहुधा पुस्तकाच्या अंतरासाठी असतो, चाळीसेक सेंटिमीटरच्या. लॅपटॉप त्याहून लांब असतो. लहान स्क्रीन घेतला की माणूस नकळत पुढे वाकतो, आणि संध्याकाळी मान बोलायला लागते. मी नेत्रतज्ज्ञांना माझ्या डोळ्यांपासून स्क्रीनचं नेमकं अंतर मोजून सांगितलं आणि त्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेतला. मान आणि डोकं दोन्ही शांत झालं. हा खर्च मी लॅपटॉपच्या किमतीतच धरते.

१४ इंच खरोखर कमी पडतात ते अनुवादाच्या वेळी. डावीकडे मूळ, उजवीकडे मराठी, अशी मांडणी लागते. ए-फोर पानावर दोन्ही कडांना इंचभर समास सोडला तर मजकुराची रुंदी १६ सेंटिमीटरच्या आसपास राहते. १५.६ इंची स्क्रीनचा अर्धा भाग १७ सेंमी, त्यात ती पूर्ण मापात बसते. माझ्या स्क्रीनचा अर्धा भाग १५ सेंमी, त्यात बसत नाही. एकतर मजकूर लहान करायचा, नाहीतर ओळीची शेवटची अक्षरं कडेला लपलेली ठेवायची. एखाद-दोन तास चालतं. दिवसभर नाही. अनुवाद हेच ज्यांचं मुख्य काम आहे आणि घरी दुसरा मॉनिटर ठेवायला जागा नाही, त्यांना मी १४ इंच सुचवणार नाही.

माझ्याकडे घरी २४ इंची मॉनिटर आहे. त्याची रुंदी ५३ सेंमी आणि उंची जवळजवळ ३० सेंमी, म्हणजे दोन ए-फोर पानं शेजारी शेजारी खऱ्या आकारात मावतील एवढी. अनुवाद आणि पानांची मांडणी मी त्यावरच बघते. पण शेवटचं वाचन मात्र लॅपटॉपवर, कारण फुल एचडी (१९२० × १०८०) असलेल्या २४ इंची मॉनिटरवर इंचामागे ९२ च पिक्सेल येतात आणि अनुस्वार शिरोरेषेला चिकटल्यासारखा दिसतो. मोठ्या स्क्रीनवर आराखडा आणि लहान स्क्रीनवर बारकावे, अशी कामाची वाटणी आपोआप झाली.

प्रवासात १४ इंचांना तोड नाही. डेक्कन क्वीनच्या खुर्चीसमोरच्या ट्रेवर हा लॅपटॉप पूर्ण बसतो, आणि पुढच्या प्रवाशानं पाठ मागे टाकली तरी स्क्रीन मला हवा त्या कोनात उघडा राहतो. जुना लॅपटॉप ट्रेच्या बाहेर डोकवायचा, शेजाऱ्याच्या कोपराला लागायचा, शेवटी मांडीवर घ्यावा लागायचा. वजन १.४ किलो आहे. प्रुफांचा गठ्ठा, पाण्याची बाटली आणि डबा यांच्यासोबत पिशवीत टाकून पेठांमधून चालताना खांद्याला जाणवत नाही. खिडकीशेजारी बसायचं असेल तर न चकाकणारा मॅट स्क्रीन आणि निदान ३०० निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं माप) उजेड हवाच. स्वस्त १५.६ इंची मॉडेलांत पुष्कळदा २५० निट्सच देतात, आणि खंडाळ्याच्या घाटात बोगदा संपून ऊन आलं की त्यावर काही वाचता येत नाही.

कीबोर्डबद्दल लोक विनाकारण घाबरतात. १४ इंचीवर अक्षरांच्या कळा जवळपास तेवढ्याच मोठ्या असतात, जातो तो उजवीकडचा नंबर पॅड. मला तो गेल्याचा आनंदच झाला. नंबर पॅड असला की अक्षरांच्या कळा आणि टचपॅड डावीकडे सरकतात, आणि तासन्‌तास इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे देवनागरीच्या कळांच्या मांडणीत, टाइप करताना शरीर किंचित तिरकं बसतं. आता हात स्क्रीनच्या बरोबर मध्यावर येतात.

माझी भाची सीएच्या आर्टिकलशिपला आहे आणि तिला मी स्वतः १६ इंची घ्यायला लावला. तिचा दिवस एक्सेलच्या लांब रांगांत आणि टॅलीत जातो. आकडे भरायला नंबर पॅड हवाच. १६:१० चा १६ इंची स्क्रीन रुंदीला जुन्या १५.६ इतकाच, ३४.५ सेंमी, पण उंचीला २१.५ सेंमी असतो. रुंदी तीच ठेवून उंचीत दोन सेंमी जास्त मिळतात, तेव्हा मोठा स्क्रीन हवा असेल तर तो असा घ्यावा. तिचा लॅपटॉप दोन किलोच्या आसपास आहे, पण तो घर ते ऑफिस एवढाच फिरतो, तोही स्कूटरवर.

माझ्यासारखं काम असेल तर दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर स्वतःची एक फाइल न्या. कंपनीनं लावून ठेवलेली रंगीत चित्रं सगळ्याच स्क्रीनवर छान दिसतात. आपली फाइल उघडा, स्टूल मागवून घेऊन नेहमीच्या अंतरावर बसा आणि एक पूर्ण पान वाचा. मी नेलेल्या पानात 'धर', 'घर', 'रूप', 'रुपया', 'वाऱ्यावर', 'कर्त्याचं' असे शब्द मुद्दाम घातले होते. तीन लॅपटॉपांवर तेच पान वाचलं. त्यातल्या सगळ्यात मोठ्या स्क्रीनवर मला 'धर' आणि 'घर' वेगळे ओळखायला पुढे झुकावं लागलं.