होम कलेक्शनवाली पॅथॉलॉजी लॅब, नौपाडा (ठाणे) : 4 स्टार, एक कापला तो फोनसाठी

पावसात साचलेल्या पाण्यातून चालून आईच्या टाचेच्या भेगेत इन्फेक्शन झालं, पाय लालभडक, ताप, जांघेत अवधाण. डॉक्टरांनी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि सीआरपी (इन्फेक्शन-सूज असली की रक्तात वाढणारं प्रोटीन) लिहून दिलं, आता तसल्या पायाने तिला गोखले रोडच्या गर्दीत कुठे नेणार, म्हणून लॅबचा माणूस घरीच बोलावला. पोरगा वेळेवर आला, आईची शीर पटकन सापडत नाही तरी एका टोचणीत काम. दुपारी रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर.

डब्ल्यूबीसी म्हणजे पांढऱ्या पेशी 17,800, त्यात न्यूट्रोफिल (बॅक्टेरियाशी लढणाऱ्या पेशी) 86 टक्के, आणि खाली पॅथॉलॉजिस्ट मॅडमची ओळ की स्लाइडवर कच्चे न्यूट्रोफिल दिसतायत. म्हणजे बाईंनी स्वतः मायक्रोस्कोपमध्ये बघितलंय! घाबरून फोन केला तर त्यांनी नीट वेळ देऊन सांगितलं. कातडीखाली मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी कायम बसलेल्या असतात, बॅक्टेरिया दिसला की खायला लागतात आणि केमिकल सोडून बाकीच्यांना बोलावतात, त्यानेच रक्तवाहिन्या सैल होऊन सूज येते, गरम लागतं, आणि रक्तातले न्यूट्रोफिल तिथे घुसतात. मागणी एवढी वाढते की बोन मॅरो अर्धवट तयार झालेलेही पाठवून देतो, तेच ते कच्चे. मॅक्रोफेजनी सोडलेल्या केमिकलपैकीच एक, आयएल-6, लिव्हरला पोचतं आणि लिव्हर सीआरपी बनवायला लागतं, ते बॅक्टेरियाला चिकटलं की पेशींना तो गिळायला सोपा. आणि अवधाण का, तर डेंड्रिटिक सेल या पहारेकरी पेशी बॅक्टेरियाचे तुकडे घेऊन जांघेतल्या गाठीत जातात, तिथे टी सेल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना दाखवतात, मग टी सेलच्या मदतीने बी सेल अँटीबॉडी बनवतात. पण नवीन बॅक्टेरिया असेल तर याला आठवडाभर तरी जातो, तोपर्यंत खिंड न्यूट्रोफिलच लढवतात, सोबत अँटिबायोटिक. एवढं तर मला बारावीच्या क्लासलाही कोणी समजावलं नव्हतं.

आता तक्रार. दुसऱ्या दिवशी लॅबच्याच सेल्सवालीचा फोन, "मॅडम, इम्युनिटी पॅकेज घ्या ना." अहो, पाय भोपळ्याएवढा सुजलाय तो इम्युनिटीनेच, अजून किती वाढवू? आणि पॅकेजमध्ये काय, तर परत तोच सीबीसी आणि व्हिटॅमिन डी.

औषध सुरू झाल्यावर सीआरपी परत केला, बराच उतरला होता. इन्फेक्शन आटोक्यात आलं की तो साधारण 19 तासांत निम्मा होतो म्हणे, त्यामुळे औषध लागू पडतंय का ते लवकर कळतं.

होम कलेक्शनचे पैसे वेगळे घेतात, आधी विचारून घ्या. यूपीआय चालतं.