पाट्यांच्या ग्रीसिंगच्या नावाखाली २३,५०० रुपयांचा चुना

जुन्या गाड्यांच्या कामात फसवणूक कशी होते हे बहुतेकांना ठाऊक असते. जो भाग गाडीखाली दडलेला असतो, त्याचेच बिल सर्वांत मोठे येते. हे मलाही ठाऊक होते आणि वाहनांच्या बाबतीत मी अगदीच अडाणी नाही, म्हणूनच हा प्रकार लिहिताना रागाइतकीच शरम वाटते.

माझ्याकडे वडिलांची १९६६ची फियाट ११०० डिलाइट आहे. नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१मध्ये जे नियम केले, त्यांनुसार तिची विंटेज म्हणून नोंद करून घ्यायची होती. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेली गाडी त्या नोंदीत बसत नाही, त्यामुळे मागचे पाटे (गाडीचा भार झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) बदलून दुसरेच काही बसवण्याऐवजी मूळचेच पाटे खोलून साफ करावेत, असे मी ठरवले. खड्ड्यातून जाताना मागून सतत कुरकुर येत असे. एकमेकांवर घासणाऱ्या पाट्यांमधले ग्रीस वाळून तिथे गंज धरला की असा आवाज येतो.

जुन्या गाड्यांचा तज्ज्ञ म्हणून ज्याचे नाव कळले, त्याने एका कोऱ्या कागदावर अंदाजपत्रक लिहून दिले. पाट्यांचे संच खोलून, घासून, ग्रीस भरून पुन्हा बसवणे, ४ नग, प्रत्येकी ३,२०० प्रमाणे १२,८०० रुपये. परदेशी ग्राफाइट ग्रीसचे ३ डबे, प्रत्येकी १,४५० प्रमाणे ४,३५० रुपये. चामड्याची ४ आवरणे, प्रत्येकी ९०० प्रमाणे ३,६०० रुपये. पाट्यांच्या टोकांना बसणारे नवीन रबरी बुश २,७५० रुपये. एकूण २३,५०० रुपये झाले. त्यांपैकी १५,००० मी त्याच दिवशी मोबाइलवरून पाठवले.

आता जाणकार वाचक विचारतील की फियाटला पुढे कॉइल स्प्रिंग असतात, पाटे फक्त मागे आणि तेही दोनच संच, मग चार संचांची मजुरी तुम्ही कशी मान्य केलीत? प्रश्न रास्त आहे. परंतु प्रत्येक पाट्यावर अ‍ॅक्सलच्या पुढे एक आणि मागे एक अशी दोन आवरणे लागतात, म्हणजे दोन संचांना चार आवरणे हा हिशेब बरोबरच होता, आणि त्याच ओळीच्या वर लिहिलेले चार नग मला त्याच मोजणीचे वाटले. खोटा आकडा खऱ्या आकड्याच्या शेजारी लिहिला की तोही खरा दिसतो, आणि हे त्याला माझ्यापेक्षा अधिक चांगले कळत होते.

खरी चीड येते ती गाडी ताब्यात घेतानाच्या क्षणाची. मी वाकून पाहिले होते. पाटे काळेभोर चमकत होते, आवरणे नवी होती, आणि मधोमध, जिथे यू-बोल्ट पाट्यांना अ‍ॅक्सलशी आवळून धरतात, तिथल्या चारही नटांवर आमच्या कोकणच्या प्रवासातल्या लाल मातीचा वाळलेला पापुद्रा जसाच्या तसा होता. नटावर पाना लागला असता तर तो पापुद्रा फुटला असता, आट्यांवर निदान एक चकचकीत ओरखडा उठला असता. यू-बोल्ट सोडल्याशिवाय पाट्यांचा संच खाली उतरत नाही, हे शाळकरी पोरालाही समजावे. मी तो पापुद्रा पाहिला, बोटाने चाचपला, आणि उरलेले ८,५०० रुपये मोजून दिले. गॅरेजमध्ये उजेड कमी होता, तो माणूस शेजारी उभा राहून अखंड बोलत होता, आणि वडिलांच्या गाडीवर संशयाने बोट ठेवणे त्या वेळी मला अवघड वाटले. नट सोडलेले नसतील तर पैसे देऊ नका, मग समोरचा कितीही गोड बोलत असो.

पहिल्या मोठ्या पावसानंतर कुरकुर परतली. ट्रकच्या कमानींचे, म्हणजे अशाच पाट्यांचे काम करणाऱ्या एका वयस्क कारागिराने आवरणे उसवली तेव्हा चामड्याऐवजी रेक्झिन निघाले आणि आत ग्राफाइटचा मागमूसही नव्हता. इंजिनातून काढलेले जळके ऑइल ब्रशने वरवर फासलेले होते, त्यात रस्त्याची धूळ मिसळून पाट्यांच्या टोकांशी घासकाम करणारा चिखल तयार झाला होता, आणि तेच ऑइल झिरपून रबरी बुश फुगले होते. बुशही जुनेच होते, हे वेगळे सांगायला नको.

त्या कारागिराने काम माझ्यासमोर केले. गाडी घोड्यांवर (आधाराच्या लोखंडी स्टँडवर) घेऊन मागची चाके अधांतरी ठेवली, यू-बोल्ट सोडले, पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट काढण्यापूर्वी संच क्लॅम्पमध्ये आवळला (तसे न केल्यास ताणलेले पाटे उसळून माणूस जखमी होऊ शकतो), एकेक पाटा तारेच्या ब्रशने घासला आणि ग्राफाइट ग्रीसचा पातळ थर दिला. ग्रीस जास्त थापू नये, असे त्याने बजावले, कारण पाट्यांमधले थोडे घर्षणच गाडीचे हेलकावे रोखते. गाडी पुन्हा चाकांवर उतरवल्यावरच त्याने बुशचे बोल्ट पूर्ण आवळले. दोन्ही संचांचे, नव्या बुशांसह, ६,२०० रुपये झाले. सुटा केलेला प्रत्येक पाटा स्वतः पाहा. मोबाइलवर आलेल्या छायाचित्रात पाटे कोणाचेही असू शकतात.

तक्रारीची कथा मात्र फसवणुकीपेक्षाही संतापजनक आहे. पोलीस चौकीत मला सांगण्यात आले की हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे. न केलेल्या कामाचे पैसे खोटे सांगून घेणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ची फसवणूक का होत नाही, असे विचारल्यावर अंमलदारांनी गाडी किती साली घेतली, विकायची आहे का, अशी चौकशी आरंभली. लेखी अर्जाची पोच मागितली तर साहेब आल्यावर या, आणि साहेब आले तेव्हा ते बंदोबस्तावर निघालेले. परिवहन कार्यालयात गॅरेजवर आमचा अधिकार नाही, असे उत्तर मिळाले. अधिकार नसेल तर कोणाचा आहे, हे सांगण्याची तसदी तिथल्या एकाही खिडकीने घेतली नाही. ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवलेली तक्रार तर मला न विचारताच निकाली निघाली. कारण म्हणून, पावतीवर जीएसटी क्रमांक नसल्याने समोरच्या पक्षाची ओळख पटत नाही, असे लिहिले होते. ज्याने कोऱ्या कागदावर बिल देऊन लुबाडले, तो कोऱ्या कागदावर बिल दिल्यामुळेच सुटावा, हा कोणता न्याय? छापील पावतीशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. मी मोबाइलवरून पैसे पाठवले नसते तर पुरावा म्हणून रेक्झिनचे चार तुकडेच उरले असते.

अखेर जिल्हा ग्राहक आयोगात मी स्वतःच तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, एवढी साधी माहिती वरीलपैकी एकाही ठिकाणी मला मिळाली नव्हती. दुसऱ्या कारागिराचे लेखी निवेदन, आवरणे आणि फुगलेले बुश मी जपून ठेवले आहेत. तक्रारीची प्रत मिळाल्यावर त्या तज्ज्ञाचा निरोप आला की ३,००० रुपये घ्या आणि विषय मिटवा. पूर्ण २३,५०० रुपयांखाली तडजोड होणार नाही, असे मी त्याला लेखी कळवले आहे.