ट्रायपॉड घेताय? पिळाचा की खटक्याचा

यंदा दिवाळीनंतर आमच्या इंदूरच्या हौशी फोटोवाल्यांच्या पिशव्यांतून बरंच काही बाहेर आलं. एकाने सेकंडहँड मॅक्रो लेन्स घेतली, काचेवर एक ओरखडा नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी सिरपूर तलावाच्या काठच्या चिखलासाठी गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणले, आणि माझ्या मते वर्षातली सगळ्यात शहाणपणाची खरेदी तीच. एका वहिनींनी लाल उजेडाचा हेडटॉर्च घेतला. त्यात कॅमेऱ्याची बटणं दिसतात आणि अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. नुकतीच आमच्यात यायला लागलेली एक मुलगी हे सगळं बघत होती. तिने विचारलं, "काका, मला ट्रायपॉड घ्यायचाय. बजेट ठरलंय, उंची ठरलीय, कॅमेरा हवा तसा वळवायचं वरचं बॉल हेडही ठरलंय. पायांचं लॉक तेवढं कळत नाहीये. पिळायचं घेऊ की खटक्याचं?"

उभ्या उभ्या जमेल तेवढं सांगितलं, पण हा विषय दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही. मी दोन्ही वापरलेत. आधी बरीच वर्षं पिळाचा, म्हणजे पायाचे भाग कडं फिरवून आवळायचा ट्विस्ट लॉकवाला, आणि आता खटक्याचा, म्हणजे तेच भाग खटका उघडून-मिटून पक्के करायचा फ्लिप लॉकवाला. पहिला अजून घरात आहे आणि ठणठणीत आहे, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवूनच हे लिहितोय.

किती किलो पेलतो आणि कार्बनचा की अॅल्युमिनियमचा, हे प्रश्न इथे घेत नाही. कार्बन हलका आणि महाग, हे सगळ्यांना माहीत आहे. एका गोष्टीकडे मात्र दुकानात कोणी लक्ष वेधत नाही, ती म्हणजे लॉकची संख्या. चार भागांचा पाय असेल तर प्रत्येक पायाला तीन लॉक, तीन पायांना मिळून ९. पाच भागांचा घेतला तर १२. घडी केल्यावर पाच भागांचा आखूड होतो म्हणून प्रवासासाठी तोच गळ्यात मारतात, पण दर वेळी १२ लॉक हाताळायचेत हे कोणी बोलत नाही. शिवाय पाचवा भाग इतका बारीक असतो की वारा सुटला की खालून थरथर जाणवते. लॉक कसलं हवं हे ठरवण्याआधी ते किती असतील ते ठरवून टाका.

पिळाच्या लॉकबद्दल माझ्या मनात आदर आहे, आणि तो कारणाने आहे. पाय गुळगुळीत राहतो, कुठे काही बाहेर आलेलं नसतं, बॅगेच्या पट्ट्यात अडकत नाही, झुडपात शिरलं तरी काटेरी फांदी धरून बसत नाही. घडी घातलेल्या पायाची तिन्ही रबरी कडी एकाखाली एक येतात. ती एका मुठीत धरायची, अर्धा पीळ द्यायचा आणि पाय खाली सोडायचा. तिन्ही भाग एका हिसक्यात सरसर खाली येतात. हात बसला की याच्याइतकं झटपट काही नाही. पूर्वीच्या स्वस्त ट्रायपॉडमध्ये वरचं कडं आधी आवळलं नाही तर खालची नळी आतल्या आत गरगर फिरायची. आता बऱ्यापैकी ट्रायपॉडमध्ये नळ्या फिरू नयेत अशी खाच असते, त्यामुळे ती कटकट गेली. जित्झो ही मूळची फ्रेंच कंपनी मुख्यतः पिळाच्याच लॉकसाठी ओळखली जाते, आणि १९९४ साली कार्बन फायबरचे पाय पहिल्यांदा बाजारात आणले तेही तिनेच. तेव्हा पिळाचं लॉक म्हणजे जुनाट, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आवाज हाही एक मुद्दा आहे. सिरपूर आणि यशवंत सागर हे आपल्याकडचे दोन्ही तलाव २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले आणि हिवाळ्यात तिथे पहाटे जाणारे आता पुष्कळ झाले. काठावरच्या गवतात बसून, पाणपक्षी जवळ येताहेत असं दिसत असताना पायाची उंची थोडी कमी करावी लागली, तर खटक्याचा खट्ट आवाज त्या शांततेत फार मोठा होतो. पिळाचं लॉक तिथे चूपचाप काम करतं. मुख्यतः पक्षीच काढणार असाल तर पुढचं न वाचता पिळाचा घेतलात तरी मी अडवणार नाही.

राजवाड्यासमोर रात्री रोषणाईचे फोटो काढायचे असतील तर कुठलाही चालतो. सपाट फरसबंदी, तिन्ही पाय सारख्याच उंचीवर. एकदा उघडला की सात मजले चौकटीत बसेपर्यंत फार तर कॅमेरा इकडेतिकडे वळवायचा. लॉकला पुन्हा हात लावायची वेळच येत नाही. मांडूचा तर प्रश्नच वेगळा. जहाज महालाच्या आवारात ट्रायपॉड उभा करायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, त्यामुळे आमच्यापैकी बरेच जण तिथे हातातच कॅमेरा धरतात.

माझा निर्णय झाला तो महेश्वरला.

इंदूरहून सुमारे ९० किलोमीटर. अहिल्याबाईंची राजधानी, किल्ल्याची तटबंदी थेट नर्मदेपर्यंत उतरलेली, खाली घाट, घाटाला लागलेल्या नावा. सूर्य मावळल्यावर आकाश निळं होतं, मंदिरांतले दिवे लागतात, आणि दोन्हींचा उजेड सारखा होतो तो वेळ वीसेक मिनिटांचा. कर्कवृत्ताच्या या पट्ट्यात संधिप्रकाश झपाट्याने सरतो, युरोपातल्या व्हिडिओंमध्ये दाखवतात तसा तासभर रेंगाळत नाही. तेवढ्यात तीन-चार चौकटी मिळाल्या तर मिळाल्या.

घाट म्हणजे पायऱ्या. ट्रायपॉडचा एक पाय वरच्या पायरीवर, दोन खालच्या, किंवा उलट. तिन्हींची लांबी वेगळी. दोन हात डावीकडे सरकलात की सगळं गणित नव्याने मांडायचं. इथे ट्रायपॉड एकदा उघडून भागत नाही. मधलं लॉक सोड, चार बोटं वर घे, आवळ, मग पुढचा पाय, असं सतत चालू राहतं. आणि उजेड कमी होत असताना, बोटं ओली असताना, माझ्या हातातल्या पिळाच्या लॉकने मला एकच गोष्ट कधी सांगितली नाही: ते बंद आहे की नाही.

पूर्ण आवळलेलं कडं आणि पाऊण आवळलेलं कडं दिसायला अगदी सारखं. अंधारात तर सोडाच, उजेडातही बघून कळत नाही. हात लावूनही कळत नाही, कारण हात लावला की ते थोडं फिरतंच, मग ते सैल होतं म्हणून फिरलं की मीच जास्त आवळलं, हे कोण सांगणार? त्यात घाटावरची बारीक रेती कड्याच्या रबरी खाचांत आणि आतल्या आट्यांत शिरते. मग पीळ देताना करकर असा जो अडसर लागतो तो घट्ट झाल्यासारखाच वाटतो. घट्ट झालेलं नसतं, रेती आडवी आलेली असते. कॅमेरा लावायचा, दहा सेकंदांचं एक्स्पोजर सुरू करायचं, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं, आणि त्या दहा सेकंदांत एक पाय केसभर खचतो. डोळ्याला काही दिसत नाही. स्क्रीनवर फोटो छान दिसतो. घरी येऊन मोठा करून बघावं तर कळसाच्या कडा दुहेरी, नावांवरच्या दिव्यांना बारीकशी शेपटी. तोवर ती संध्याकाळ गेलेली असते.

यावर उपाय आहे, नाही असं नाही. प्रत्येक वेळी नऊच्या नऊ कडी ओळीने आवळून घ्यायची आणि मग वरून हलका भार देऊन बघायचा. मी तेच करत आलो. पण त्या वीस मिनिटांतला वेळ लॉक तपासण्यात जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे मन चौकटीत राहत नाही. समोर नदीत दिवा सोडणारी बाई वाकलेली असते आणि माझं लक्ष दुसऱ्या पायाच्या तिसऱ्या कड्यावर.

खटक्याच्या लॉकमध्ये ही शंकाच उरत नाही. खटका पायाला चिकटून सपाट असेल तर बंद, बाहेर आलेला असेल तर उघडा. अंधारात पायावरून बोट वरून खाली फिरवलं की तीन खटके मोजून होतात, कुठला उभा राहिला असेल तर बोटाला लागतो. बंद होताना खट्ट असा आवाज येतो तो वेगळा. सिरपूरला जो आवाज नकोसा वाटतो तोच महेश्वरला हवाहवासा वाटतो. तिघे-चौघे मिळून गेलो असू तर शेजारचा माणूसही लांबून बघून सांगू शकतो, "अहो, तुमच्या मागच्या पायाचा खालचा खटका उघडा आहे."

आता त्याचे दोषही सांगतो. खटके अडकतात. बॅगेला बाहेरून ट्रायपॉड बांधला असेल आणि गर्दीतून जायचं असेल तर कोणाच्या ना कोणाच्या ओढणीत किंवा पिशवीच्या बंदात खटका गुंततो. सराफ्यात रात्री खाऊगल्ली भरलेली असताना तर मी ट्रायपॉड बाहेर काढतच नाही. घाईत बंद करताना अंगठ्याजवळची कातडी चिमटते आणि चांगलीच झोंबते. काही महिन्यांनी खटक्याची पकड सैल पडते. ती आवळायला बारीक स्क्रू असतो, त्याला बहुतेक वेळा षटकोनी एलन की लागते, आणि ती नेमकी घरी राहते. पिळाच्या लॉकला असं कुठलंही हत्यार लागत नाही.

साफसफाईतही पिळाचाच नंबर वर. कडं पूर्ण फिरवून काढलं की नळी बाहेर येते, आत प्लास्टिकच्या दोन अर्धगोल चकत्या असतात, त्या कुठल्या बाजूने बसल्या होत्या ते बघून ठेवायचं, आट्या जुन्या टूथब्रशने पाण्याखाली घासायच्या, वाळवायचं, किंचित ग्रीस लावायचं. दहा-पंधरा मिनिटांत ट्रायपॉड नव्यासारखा फिरायला लागतो. महेश्वरहून किंवा पावसाळ्यात पाताळपाणीच्या धबधब्याहून आल्यावर हे करायलाच हवं. माझ्या खटक्याच्या ट्रायपॉडचे पाय असे सहज सुटे होत नाहीत. ओल्या फडक्याने पुसून, खटके उघडे ठेवून रात्रभर वाळवतो. अजून तरी काही बिघडलेलं नाही, पण याबाबतीत पिळाच्या लॉकवर जितका विश्वास टाकतो तितका इथे टाकता येत नाही, हेही खरं.

तर मोजून बघायला गेलं तर पिळाच्या पारड्यात जास्त गोष्टी पडतात: सुटसुटीत घडी, शांतपणा, सोपी सफाई. खटक्याच्या पारड्यात मुख्यतः एकच. पण माझे आवडते फोटो संध्याकाळी, पायऱ्यांवर, लांब एक्स्पोजरने काढलेले असतात, आणि तिथे ती एकच गोष्ट बाकीच्या सगळ्यांना पुरून उरते. तुमचं तसं नसेल तर तुमचा निकाल वेगळा लागू शकतो. नेहमी बसस्टँडवरून, बॅग खांद्याला लावून फिरणाऱ्याला पिळाचा जास्त मानवेल. उंची एकदा लावून तासभर तिथेच बसणाऱ्यालाही. उलट नदी, घाट, धबधबे, डोंगराचा उतार, म्हणजे जमीन वाकडीतिकडी आणि उजेड कमी, अशा ठिकाणी मन रमत असेल, तर मी म्हणेन खटक्याचा बघा. आणि त्या मुलीने मला जे फोटो दाखवले त्यांत अर्धे कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांचे, म्हणजे होळकरांच्या समाध्यांचे, संध्याकाळचे होते, म्हणून तिलाही मी तेच सुचवलं.

निवड करणं थोडं सोपं व्हावं म्हणून सांगतो, काही कंपन्या एकच ट्रायपॉड दोन्ही लॉकमध्ये देतात. मॅनफ्रोटोचा बीफ्री अॅडव्हान्स्ड पिळाच्या आणि खटक्याच्या, दोन्ही प्रकारांत निघाला. दुकानात असे जुळे नमुने मिळाले तर दोन्ही उघडून बघा. नुसते उघडू नका, एक पाय खुर्चीवर आणि दोन जमिनीवर असा उभा करा, मग जागा बदलून परत लावा. डोळे मिटून एकदा तेच करा. नंतर हेडच्या जागी तळहात ठेवून अंगाचा थोडा भार टाका आणि कुठला पाय खाली येतो ते बघा. दुकानदार थोडा वेळ विचित्र नजरेने बघेल, बघू द्या, पैसे आपले आहेत.

खटक्याचा घेतलात तर त्याच्या मापाची एलन की त्याच दिवशी एक जास्तीची घ्या. एक घरी ठेवा आणि दुसरी ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला रबरबँडने बांधून टाका.