जेएम रोडचा फूटपाथ, आईच्या व्हीलचेअरसोबत (५ पैकी ४ स्टार)

आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ती व्हीलचेअरवर आहे आणि आमच्या भागातल्या फूटपाथवर खुर्ची चढतच नाही, त्यामुळे चार महिने तिचं फक्त घर आणि दवाखाना चाललं होतं. परवा रविवारी म्हटलं चल पुण्यातल्या जेएम रोडला (जंगली महाराज रस्त्याला) जाऊ. बालगंधर्व रंगमंदिराला रिक्षातून उतरलो, संभाजी बागेवरून डेक्कनपर्यंत गेलो आणि तसेच परत आलो. घरात कोणी व्हीलचेअरवर असेल त्यांच्यासाठी लिहितोय.

पहिलं म्हणजे रुंदी. मी खुर्ची ढकलतोय, बायको शेजारून चालतीये, समोरून बाबागाडी येतीये आणि तरी कुणालाच खाली रस्त्यावर उतरावं लागलं नाही! इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितलीये, म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी निघतील एवढी, इथे बऱ्याच ठिकाणी त्याहून जास्तच आहे. झाडांखाली बसायला जागा आहे. एका बाकाशेजारी खुर्ची लावली तर तिथे बसलेल्या आजींशी आईच्या गप्पा सुरू झाल्या त्या अर्धा तास, नातवंडं, गुडघे, भाजीचे भाव सगळं झालं. चार महिन्यांनी ती अनोळखी माणसाशी बोलत होती, मला खरंच भरून आलं.

या रस्त्याचं कौतुक आपण लहानपणापासून ऐकतोय, रेकॉन्डो कंपनीने सत्तरच्या दशकात केला आणि वर्षानुवर्षं खड्डा पडला नाही वगैरे. पण ते सुख गाडीवाल्यांचं. चालणाऱ्यांच्या वाट्याला काही आलं ते २०१६ नंतर, फूटपाथ रुंद केले तेव्हा.

एक स्टार कापला तो कोपऱ्यांसाठी. व्हीलचेअरची पुढची चाकं छोटी असतात, इंचभर कड आली तरी अडकतात आणि बसलेला माणूस पुढे जातो. एका गल्लीच्या तोंडाशी तेच झालं, उतार चांगला होता पण डांबराला मिळतो तिथे कड राहिलेली. आईने खुर्चीचे हात एवढे घट्ट धरले की बोटं पांढरी पडली, मग मी खुर्ची उलटी फिरवून मागच्या चाकांवर हळूहळू उतरवली. आमच्या बिल्डिंगचा रॅम्प करताना हिशोब पाठ झालाय, सहा इंच चढायचं तर सहा फूट उतार हवा आणि शेवट जमिनीला अगदी सपाट मिळायला हवा. त्यापेक्षा गल्लीच्या तोंडावरूनही फूटपाथ त्याच उंचीवर सलग न्यावा आणि गाड्यांनी चढून जावं, कडही राहत नाही आणि वळणाऱ्या गाडीचा स्पीडही आपोआप कमी होतो.

पुढच्या रॅम्पवर स्कूटर लावलेली, मालक बाजूला चहा पीत होता. सांगितल्यावर लगेच काढली, "सॉरी काकू" पण म्हणाला. आणि अंध लोकांसाठीच्या त्या पिवळ्या फरशा असतात ना, उभ्या रेघा म्हणजे सरळ चला आणि ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे, त्यांच्यावर एके ठिकाणी बोर्डाचा स्टँड उभा. काठी घेऊन येणारा थेट त्यावरच आदळणार हो! मी उचलून बाजूला ठेवला.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, दुकानं उघडली की गाड्या वाढतात. सोबत एक जादा माणूस असू द्या, कोपऱ्यावर लागतोच. आईने पुढच्या रविवारचं आत्ताच विचारलंय, तिला पाताळेश्वरच्या बाजूला जायचंय.