सौरसंच घेताना: बॅटरीसह की बॅटरीविना?

छपरावर तीन किलोवॅटचा सौरसंच बसवायचा, एवढे ज्यांचे ठरले आहे त्यांच्यापुढे कोकणात खरा प्रश्न उरतो तो बॅटरीचा. मी दोन्ही प्रकार वापरले आहेत.

हिशेबाने बॅटरीविना संचच सरस ठरतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते; त्यात बॅटरी धरलेली नाही. शिवाय नेट मीटरमुळे एप्रिल-मेमध्ये वीजवाहिनीत सोडलेली युनिट पावसाळ्याच्या बिलातून वळती होतात. आठ-आठ दिवस सूर्य न दिसणाऱ्या आपल्या मुलखात ही सोय मोठीच आहे, कारण कोणतीही बॅटरी वैशाखातले ऊन श्रावणापर्यंत साठवून ठेवत नाही.

मलाही हेच पटले होते. खटकले ते मार्चमध्ये. आमची दापोली तालुक्यात नारळी-पोफळीची वाडी आहे आणि त्या दिवसांत शिंपण चुकवून चालत नाही. दुरुस्तीसाठी दिवसभर लाईन बंद, डोक्यावर रणरणते ऊन, छपरावर तीन किलोवॅट, आणि विहिरीवरचा पंप मात्र गप्प! वाहिनीतली वीज गेली की बॅटरीविना संचही आपोआप थांबतो, म्हणजे त्याची वीज बंद वाहिनीत शिरत नाही. तारेवर चढलेल्या लाईनमनच्या जिवासाठी ते आवश्यकच असल्याने तक्रार तरी कोणाकडे करायची? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर ज्यांनी इथे कित्येक दिवस अंधारात काढले, त्यांना हे अधिकच बोचेल. सरकारी योजना छपरावरची पॅनेल मोजते. गावात येणाऱ्या तारा मात्र आंब्या-फणसांच्या फांद्यांखालून तशाच येतात.

दुसऱ्या वर्षी मी हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे वाहिनी आणि बॅटरी दोन्हींना जोडता येणारा आणि वाहिनी बंद असतानाही बॅटरीच्या आधारे वीज देणारा, आणि लिथियमची बॅटरी घेतली. खर्च झोंबला, हे कबूल करतो. शिसे-आम्लाची बॅटरी स्वस्त पडली असती. पण तिच्यात पाणी भरत राहा, खाऱ्या हवेने टर्मिनलवर चढलेला थर खरवडत राहा, आणि शेवटी ती भंगारात कुठे व कशी फोडली जाईल याकडे डोळेझाक करा, हे मला जमणारे नव्हते. दुरुस्तीला आजही चिपळूणहून माणूस येईपर्यंत थांबावे लागते. आयटीआय करून मुंबईची वाट धरणाऱ्या आमच्या मुलांना हे काम गावातच मिळू शकेल, असे मला दर खेपेला वाटते.

शहरात राहणाऱ्यांनी, जिथे वीज क्वचितच जाते, बॅटरीत पैसे गुंतवू नयेत, असेच बहुधा म्हणावे लागेल. वाडी आणि विहीर असलेल्यांनी मात्र, बॅटरीचा खर्च आज झेपत नसला तरी, ती पुढे जोडता येईल असा हायब्रिड इन्व्हर्टर पहिल्यांदाच घ्यावा. माझा पहिला इन्व्हर्टर दीड वर्ष माळ्यावर पडून आहे.