गोचिडांवर अमित्राज: मार्च ते पोळा, वापरानंतरचा अनुभव

चार संकरित गाई, एक गवळाऊ बैलजोडी, औषध 12.5 टक्के अमित्राज. नागपूरकडे पाऊस लागला की गोचीड हाताबाहेर जाते, म्हणून सुरुवात मार्चमध्येच केली. आधी डेल्टामेथ्रिन हे दुसरं गोचीडनाशक चालू होतं, पण गोचीड त्याला जुमानेनाशी झाली होती. अमित्राजचा गट वेगळा; दुसऱ्या फवारणीनंतर फरक हाताला लागला.

प्रमाण लिटरला 2 मिली, म्हणजे 16 लिटरच्या पाठपंपाला 32 मिली. झाकणाने अंदाजे ओतू नका, सिरिंजने मोजा. आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवा, दुधासारखं पांढरं झालं की पंपात ओता. मोठ्या जनावराला 4 लिटर लागतात, सहा जनावरांना दीड पंप. एकाच पंपात गोठा उरकला की नुसती पाठ ओली होते. गोचीड बसलेली असते कानात, गळ्याच्या पोळीखाली, जांघेत, कासेच्या मागे, शेपटीच्या बुडाशी. केसांच्या उलट दिशेने फवारा. कानात फवारा मारू नका. हातमोजा घालून औषधात ओल्या केलेल्या फडक्याने कान पुसा.

दुपारच्या उन्हात नको, सकाळी धार काढून झाल्यावर. त्याआधी पोटभर पाणी पाजा, नाहीतर जनावर ओलं अंग चाटतं. पुढच्या धारेआधी कास स्वच्छ धुवा. दूध किती दिवस बाजूला ठेवायचं ते लेबलवर पाहा. चाटण्यात आलं किंवा औषध जास्त झालं तर जनावर सुस्तावतं, डोकं खाली घालून उभं राहतं. अशा वेळी डॉक्टरांना औषधाचं नाव आधी सांगा. घोड्याला हे औषध अजिबात चालत नाही.

एकदा फवारून सोडून दिलं तर महिन्याभरात सगळं परत. अंगावर चढलेलं पिल्लू तीनेक आठवड्यांत रक्त पिऊन फुगतं, खाली पडतं आणि फटीत 2,000 ते 3,000 अंडी घालतं. म्हणून पंधरा दिवसांनी दुसरा हात, आणि त्याच दिवशी गव्हाणीचे सांधे, खुंट्याची बुडं, भिंत छातीइतकी उंच. गव्हाण आधी रिकामी करा, वाळल्यावर घासून धुवा, मगच चारा टाका. मातीच्या भिंतीत फटी फार. त्या लिंपल्यावरच पावसाळ्यात खरा आराम पडला.

बैलांच्या खांद्याला जू लागून सोललं असेल तिथे औषध लावू नका. पोळ्याच्या तोंडावर फवारणी तर नकोच: खांदेमळणीला घरातली लेकरंसुद्धा त्याच कातडीवर तूप-हळद चोळतात.

पोटातल्या जंतांवर याचा काहीच उपयोग नाही. त्याचं जंतनाशक वेगळं. संकरित गाईला सडकून ताप आणि खांद्यापुढची गाठ सुजलेली दिसली तर तो थायलेरिया, म्हणजे गोचिडीमुळे होणारा रक्ताचा आजार, असू शकतो; फवारणीत वेळ घालवू नका. रक्त तपासून त्यावरचं औषध, बुपारव्हॅक्वोन, डॉक्टरच देतील.

कालवलेलं औषध दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, आणि पंप नाल्यावर धुऊ नका, मासे मरतात.