फोनिक्स कार्डसंच : पद्धत उत्तम, चित्रे परकी

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या जिल्हा परिषद शाळेत, वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी आम्ही हा फोनिक्सचा, म्हणजे अक्षरांच्या ध्वनींवरून वाचन शिकवणारा, इंग्रजी कार्डसंच वापरतो. इंग्रजीत अक्षरे २६ आणि ध्वनी सुमारे ४४ असल्याने, ‘सी, ए, टी’ ही नुसती नावे पाठ असलेल्या मुलाला ‘कॅट’ वाचता येत नाही. हा संच मात्र आधी ध्वनी शिकवतो, आणि स्, ॲ, ट्, प्, इ, न् या पहिल्याच गटातून ‘सॅट’, ‘पिन’, ‘टिप’ असे शब्द मुले स्वतः जुळवू लागतात. अडखळणाऱ्या मुलाला इतक्या लवकर वाचल्याचा आनंद मिळणे फार मोलाचे आहे. चित्रे मात्र खटकतात. घरी कोलामी बोलणाऱ्या मुलीने ‘इ’ ध्वनीसाठी दिलेले ‘इग्लू’ (बर्फाचे घर) कशावरून ओळखावे? तिथे ‘इन्सेक्ट’ म्हणून कपाशीवरची अळी हवी होती. पुठ्ठा पातळ आहे. लॅमिनेशन करूनच कार्डे मुलांच्या हाती द्यावीत.